पाचवा दिवस

भाडं निम्मं, कारण सकाळची वैरण माझ्याकडे.
असा आमचा करार, एनिड प्रॉसर आणि मी,
तिच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, कागद नाही.
घोड्यांचं काय कळतं तुला? तिनं विचारलं.
म्हटलं, काही नाही. मी रात्रपाळीत हाडांचे एक्स-रे काढतो.
मग चालेल, म्हणाली,
'हलू नका' म्हणायची सवय असेल.

हेरफर्डशरात बर्फ क्वचित. हिवाळा म्हणजे चिखल,
फाटकापाशी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत.
डिसेंबरात त्यात गेलेला माझा एक बूट
अजून सापडायचाय.

शेडमागे गठ्ठे, काळ्या प्लास्टिकात आवळलेले,
एकेक छातीइतका उंच.
तिचा पुतण्या ह्यू ट्रॅक्टरच्या सुळ्यावर टोचून आणतो,
लोखंडी कड्यात उतरवतो, जातो.
पुढचं माझं.
सुरीनं प्लास्टिक उभं चिरायचं. खाली जाळी,
ती सगळी सोडवायची, एक दोरा मागे राहता कामा नये,
पोटात गेला तर घोडा गेला.
गोठलेली जाळी गवत सोडत नाही,
हातमोजे काढून नखांनी ओढतो.

आणि मग तो वास.
पहिल्यांदा मी दोन पावलं मागे सरलो होतो.
आंबूस, गोडसर, रात्रभर भिजलेल्या आंबोणाचा,
आणि त्याच्याही खाली, खोल, जूनमधली एक दुपार.
हे गवत कापलं तेव्हा मी इथे नव्हतो.
ते ऊन माझं नाही,
उघडतं मात्र माझ्या हातून.

टॅन्सी आधी खाते, कान पाडून बाकीच्यांना हाकलते.
मग ते दोघे तांबडे, जुळे वाटतात, नाहीत.
मग बिडी, बुटकी, सळ्यांमधून घुसून
जेवणातच उभी राहणारी
(तिच्या नावाचा आमच्याकडचा अर्थ सांगितला
तेव्हा एनिड खोकला येईपर्यंत हसली).
सर्वांत शेवटी ब्रॅकन, एकतीस वर्षांचा, दात झिजलेले,
घास चावून चावून बोळे करून टाकणारा.

पाच तोंडं, एक गठ्ठा, चार दिवस.
वारा लागला की हे गवत नासू लागतं,
सहाव्या दिवशी आत हात घातला तर ऊब लागते,
मग पांढरी बुरशी.
आमच्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला
ब्रॅकन कुंपणालगत आडवा दिसला.
झोपला असेल, म्हटलं.
जवळ गेलो. त्याच्या अंगावरचं दहिवर
वितळत नव्हतं.
एनिड गाऊनवर कोट चढवून आली.
तिचा गुडघा वाकत नाही, तरी वाकली.
ह्यूला फोन कर, म्हणाली,
आणि बाकीच्यांना घाल, वाट बघतायत.

घातलं.

पुढच्या गठ्ठ्याला, चौथ्या संध्याकाळी,
सवयीनं सुरी घेऊन कड्यापाशी गेलो.
आत गवत होतं. गुडघाभर.
हात घालून पाहिलं, थंड, चांगलं.
सुरी मिटून खिशात ठेवायला
मला जरा वेळ लागला.

एनिडला सांगितलं, गठ्ठा आता पाच दिवस पुरतोय.
ती चहा ढवळत होती, साखर न घालता.
पैसे वाचतील, म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं: ह्यूला सांग, पुढचा शनिवारी.
शुक्रवारी नको?
मी काय म्हटलं?

शुक्रवारी पहाटे ड्यूटी संपवून
तसाच कुरणात गेलो.
रात्री एका म्हाताऱ्याच्या कंबरेचा एक्स-रे काढला होता.
हलू नका, म्हटलं होतं,
आणि तो इतका हलला नाही
की मी काचेमागून त्याच्या छातीकडे बघत राहिलो.

कड्यात पाचव्या दिवसाचं गवत,
बिडी त्यात पोटापर्यंत, नाकपुड्यांतून वाफ.
तिच्या ओठाशी जाळीचा एक दोरा दिसला, निळसर,
माझ्याकडून सुटलेला.
ओढून घेतला. ओला होता.