कोबीवरची काच

नारिनमध्ये विजेचे मीटर वाचणारा तोक्तोसून
दुसऱ्यांच्या घरातले आकडे वेळेवर लिहितो.
एकवीस वर्षांत एक तारीख चुकली नाही.

त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली,
म्हणून आईनं नाव ठेवलं तोक्तोसून,
म्हणजे थांबो. हा तरी थांबो.
आपल्याकडे धोंडू ठेवायचे, दगडू ठेवायचे, तसंच.
आणि तो थांबला.
इतका मनापासून थांबला
की पलंगाखालच्या खोक्यातल्या दोन जाड काचाही
त्याच्याबरोबर थांबून राहिल्या.

ताटलीएवढ्या गोल काचा, नमद्यात गुंडाळलेल्या.
एकीवर एक घासायची, मध्ये कुरुंदाची पूड.
महिनोन्‌महिने घासलं की वरची खोलगट होते,
तिचा आरसा होतो, आरशाची दुर्बीण,
आणि दुर्बिणीत शनी, कड्यासकट.
शाळेत असताना एका पाहुण्या मास्तरांनी दाखवला होता,
मागे रांग होती, म्हणून
मोजून चार श्वासांपुरता.

हिवाळ्यात पाणी गोठतं, घासणार कसं.
उन्हाळ्यात गवत कापायचं असतं.
मग थोरलीचं लग्न, मग गुडघा,
मग पूड बिश्केकहून यायची होती,
ती आली, तर धड पिंप नव्हतं.
एर्तेंग, तो म्हणायचा. उद्या.
खडीसाखरेच्या खड्यासारखा हा शब्द
गालात धरून हिंडायचा,
आणि तो विरघळायचा नाही.

ऑक्टोबरात असिलकाननं कोबी मुरत घातला.
तो वाडगाभर काढायला गेला, झाकण उचललं,
आणि खारट पाण्याखाली, कोबीच्या छातीवर
त्याची काच.

"धोंडा फुटला," ती म्हणाली, हात पुसत.
"ही नुसती पडून होती. म्हटलं, करू दे काहीतरी."
"आणि दुसरी?"
"टोमॅटोवर."

त्याला हसू आलं. मग गेलं.
रात्रभर कूस बदलत राहिला :
आपल्याआधी आपल्या काचा कामाला लागल्या.

सकाळी नदीवरून दोन धोंडे आणले, धुतले,
एक कोबीवर ठेवला, एक टोमॅटोवर.
गोठ्यातल्या गंजक्या पिंपात दगड भरले,
वर एक काच, चिमूटभर पूड, ओंजळभर पाणी, वर दुसरी.
पुढे, मागे. एक पाऊल बाजूला. पुढे, मागे.
खळ्यातल्या बैलासारखा पिंपाभोवती.
त्या खर्र खर्र आवाजानं गाय उठून उभी राहिली.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं.
दुसऱ्या दिवशी दहाच.
तिसऱ्या दिवशी गेलाच नाही.
चौथ्या दिवशी असिलकाननं विचारलं,
"काच मोकळी आहे का? गाजरं घालायचीत."
तो कोट न घालताच गोठ्यात गेला.

नोव्हेंबरात एका स्वच्छ सकाळी
काच ओली करून त्यानं उन्हात धरली
आणि सूर्य, पुसट, भाकरीएवढा,
गल्लीपलीकडे जुमाबेकच्या सावलीतल्या भिंतीवर पडला.
तीस पावलं.
काच जितकी खोल, तितका तो जवळ येणार.
जुमाबेक दारात आला. "माझ्या भिंतीवर हे काय?"
"माझं आहे," तोक्तोसून म्हणाला,
"नेतो हळूहळू."

डिसेंबरात चोवीस.
पाण्यावर पापुद्रा धरतो, किटली जवळ ठेवावी लागते.
मध्ये आठ दिवस सर्दीचे,
चार दिवस सर्दीच्या निमित्ताचे.
जानेवारीत सतरा.
मीटरच्या वहीत शेवटच्या पानावर
आता एक आकडा त्याच्या स्वतःच्या घरचा असतो.

सूर्य दोन पावलांवर आला की जाडी पूड धुऊन टाकायची,
मग बारीक पूड, मग त्याहून बारीक,
मग चकाकी, मग चांदीचा मुलामा, मग नळी, मग तिवई.
शनीचं अजून कुणी नाव काढत नाही.
आज अकरा पावलं आहेत.
गुडघा ठणकतोय.
गाय आता उठत नाही.