दोन बोटं माया

जेव्दत पहिल्यांदा आला तो लग्नाची पँट शिवायला.
कंबर अठ्ठ्याहत्तर.
वहीत अजून आहे, निळ्या शाईत,
शेजारी चहाच्या पेल्याचा गोल डाग.
मागच्या शिवणीत मी नेहमीसारखी
दोन बोटं माया ठेवली.
अख्ख्या त्राब्झोनात इद्रिस उस्ताइतकी माया
कुणी शिंपी ठेवत नाही, असं लोक म्हणत,
आणि मला ते आवडे.

मग त्याची मिनीबस आली.
बंदर ते माचका, माचका ते बंदर, दिवसाला अकरा फेऱ्या.
सीट आणि स्टिअरिंगच्या मधल्या जागेत
हळूहळू तिसरंच कुणीतरी बसायला लागलं.
सकाळी लोण्यात घोटलेलं मक्याचं पीठ, वर चीजची हातभर तार,
रात्री उशिरा तळलेले हाम्सी, आणि लगेच अंथरूण.
चौऱ्याऐंशी. एक्याण्णव. सत्त्याण्णव.

दर वेळी मी शिवण उसवायचो.
आतलं कापड गडद निघायचं,
ऊन न बघितलेलं, पहिल्या दिवसासारखं काळं.
ती पट्टी बघून जेव्दत हसायचा,
टरबुजावर मारतात तशी पोटावर थाप मारायचा,
‘‘उस्ता, पोट नसलेला पुरुष म्हणजे
गॅलरी नसलेलं घर!’’
दुकानातले सगळे हसायचे. मीही.
हातपाय काटकुळेच राहिले त्याचे,
मागून बघावं तर अजून तोच नवरामुलगा.
आणि पोट कसं घट्ट, चिमटीत न येणारं.
आम्हाला वाटायचं, ही ताकद.

एकशे चार.
आता जिना चढून आला की आधी स्टुलावर बसायचा,
माप नंतर.
पाणी मागायचा. परत मागायचा.
सानिये एकदा म्हणाली, हा घोरता घोरता गप्प होतो,
मी अंधारात मोजत बसते,
नऊ, दहा, अकरा,
मग एकदम श्वास.
मी तिला काय सांगणार?
मी कंबर सैल करून दिली.

एकशे बारा. मार्च महिना.
माचकाच्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली,
नीट, इंडिकेटर देऊन,
चौदा माणसं उतरवली,
त्यांचे पैसे परत मोजायला लागला
आणि डाव्या हातातली नाणी खाली सांडली.

इस्पितळात डॉक्टरीण होती ती आमच्याच गल्लीतली तुलाय,
तिच्या शाळेचा स्कर्ट मी शिवलेला.
मला कळेल अशा भाषेत म्हणाली,
‘‘चिमटीत येते ती चरबी वरचं कापड, उस्ता.
याची आत आहे. यकृताभोवती, आतड्यांच्या मधे.
अस्तर जाड झालंय,
आणि हे अस्तर गप्प बसत नाही,
साखर वाढवतं, रक्तदाब चढवतं,
हृदयाच्या नळ्या बारीक करत नेतं.
कधीकधी वजनकाट्याच्या आधी टेपला कळतं हे.
तुमच्याकडे असतील ना त्याचे आकडे?’’

होते.
तेवीस वर्षांचे, तारखांसकट.

पँट त्याला कधी रुतलीच नाही.
रुतली असती
तर एखाद्या रात्री कमरेवरचा वळ बघून
चिडला असता, माझ्यावर का होईना.
मी वळ उठू दिला नाही.
मित्राचं सगळं पोटात घालावं म्हणतात,
मी त्याचं पोटसुद्धा पोटात घातलं.

परवा आला. हातात काठी,
काखेत पँटींचं गाठोडं.
बंदराच्या दोन थांबे आधी उतरून चालत येतो म्हणे.
जिन्यात थांबला नाही, मी कान देऊन ऐकत होतो.
अठ्ठ्याण्णव.
खडूची रेघ मारली, शिवण आत घेतली,
मागे चार बोटं कापड उरलं.
सवयीनं आत दुमडायला गेलो
तर त्यानं काठी मशीनच्या पायपट्टीवर ठेवली.
‘‘माया कापून टाक.’’

कात्री हातात घेऊन मी उगाच धार बघत बसलो.
‘‘कापड चांगलं आहे रे,’’ म्हणालो.

‘‘असेल,’’ म्हणाला जेव्दत.