सु-रा-सु-तो-री

पहाटे चारला शेडमधले दिवे लागतात.
समुद्र अजून काळाच; पलीकडे कुरेच्या गोदीत
क्रेनवर तेवढा एक लाल ठिपका.

सुलास्त्री हातमोजे चढवते, एकावर एक,
कालवाच्या फटीत सुरीचं टोक शिरवते,
मनगट वळवते. टक्.
आत राखाडी, थरथरतं, गार काहीतरी.
किलोवर पैसे. बोलायला वेळ नाही.

पहिल्या आठवड्यात कचरा चुकीच्या वारी ठेवला,
तर संध्याकाळी पिशवी तिथेच, वर लाल चिठ्ठी,
अक्षरं अगम्य, राग मात्र नीट वाचता येणारा.
आता वार पाठ आहेत:
मंगळवारी जळणारा, गुरुवारी बाटल्या,
रविवारी आईचा फोन.
"थंडी आहे का गं?"
"छे," ती म्हणते, बोटं कपाभोवती गुंडाळून.

तिच्या नावातला ल इथे कुणाच्या जिभेवर बसत नाही.
छातीवरच्या पट्टीवर लिहिलंय: सु-रा-सु-तो-री.
महिनाभर तिला वाटे,
हाक दुसऱ्याच कुणाला मारताहेत.

शेजारच्या कुरामोतोबाई, वय एकोणऐंशी,
कामात मान वर न करणाऱ्या,
काल चहाच्या घंटेला ओल्या बोटाने
ती पट्टी वाचू लागल्या
आणि शेवटच्या दोन अक्षरांवर अडल्या.
"तोरी!"
मग गमबूट, रबरी एप्रन, सगळ्यासकट
दोन्ही हात पसरून हलवले.
कोपरांतून खारं पाणी उडालं.

"अच्छा, बुरुंग," सुलास्त्री म्हणाली. तिच्या गावचा पक्षी.
"बुरुंगु," बाई म्हणाल्या,
एक उकार जास्तीचा लावून.