टिकलं ते, जे हरलं नाही

बाहिया ब्लांकात वारा सुटला
की विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी
दाढ दुखल्यासारखी कण्हते.
सुल्मा बारेनेचेआ फळ्यावर नियम लिहिते,
बाउदिलिओ बाण काढतो.
बारा वर्षं एकच खोली, एकच खडूंचा डबा,
आणि तरी दोघांना वाटत आलेलं
की समोरचा माणूस भलत्याच विषयात नोकरी करतो.

बाउदिलिओ म्हणायचा, वाद म्हणजे नकाशा.
कोण खरं बोलतंय ते विचारू नकोस,
कोण कोणावर चालून जातंय तेवढं बघ.
सुल्मा एकदा म्हणाली,
तुझा अख्खा नकाशा वाचायला मला दोन ओळी पुरतात :

     टिकलं ते, जे हरलं नाही.
     हरलं ते, ज्याच्यावर टिकलेल्याने वार केला.

यंत्राला दे. पाणी उकळायच्या आत निवाडा देईल.
त्याने त्या ओळी तीनदा वाचल्या,
बोटांवरचा खडू पँटला पुसला
आणि म्हणाला, बारा वर्षं.
एवढंच.

हे मार्चमधलं.
एप्रिलात इंजेनिएरो व्हाइटच्या धक्क्यावरून
'सांता रुफिना' कोळंबीला गेली.
पाच माणसं. पाचवा एवारिस्तो, सुल्माचा धाकटा भाऊ.
अकरा दिवस रेडिओवर नुसती खरखर.

मग घरी कागद घेऊन दोघे आले.
बंदर कचेरीचा कारकून म्हणाला,
जिवंत असल्याचा पुरावा नाही,
म्हणून नाव यादीतून कमी केलंय.
विम्याचा माणूस म्हणाला,
मेल्याचा पुरावा नाही,
म्हणून रक्कम देता येत नाही.
एकाच टेबलाशी बसून, एकाच नळीने माते ओढत
दोघेही आपापल्या जागी बरोबर.
हत्यारही दोघांचं एकच :
जे सापडलं नाही ते.

रात्री आई पावाचं पीठ काढून बसली.
टेबलावर सांडलेल्या पिठात सुल्माने बोटाने लिहिलं :

     जिवंत, जर मेल्याचं सिद्ध होत नसेल.
     मेला, जर जिवंत असल्याचं सिद्ध होत नसेल.

आणि कडेला दोन बाण, एकमेकांवर रोखलेले.
यंत्राला विचारलं असतं तर त्याने दोन जगं दिली असती,
दोन्ही निर्दोष.
एकात तो दारात बूट उपटून काढतोय, शिव्या देत.
दुसऱ्यात बूट नाहीत.
आणि सावध रीतीने विचारलं असतं
तर यंत्र काहीच बोललं नसतं. तेच प्रामाणिक.

आपल्या पंडितांनी याला अनुपलब्धी म्हटलं होतं :
जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही.
पण एक अट घातली होती,
असता तर दिसला असता, अशी जागा हवी.
पाटाएवढ्या जमिनीवर हे ठीक.
दक्षिण अटलांटिकवर, धुक्यात,
ही अट कुणी पुरी करायची?

आई मळता मळता म्हणाली,
वाट बघत नाहीये असं स्वतःला सांगते ना,
त्याच क्षणी बघायला लागलेली असते.

सुल्माचं बोट पिठात थांबलं.
हा नियम तिच्या ओळखीचा होता.
आपल्याच नकारावर उभा राहणारा, आपल्यालाच चावणारा.
असा एक जरी आत शिरला
की तिच्या गणितात एकही जग शिल्लक राहत नाही.
बूट असलेलं नाही, बूट नसलेलंही नाही,
हे टेबलसुद्धा नाही.

तिने रात्री एक वाजता बाउदिलिओला फोन लावला.
तो झोपेतून उठून नीट ऐकत राहिला. मग म्हणाला,
हट्ट सोड. सगळ्याचा निकाल लागलाच पाहिजे असं नाही.
गाठ बसलीय तेवढंच अधांतरी ठेव.
भट्टी पेटलीय?
पेटलीय.
तिच्यावर कुणाचा बाण आहे?
नाही.
मग भट्टी टिकली, म्हणाला. पुढे बघ.

ती फोन ठेवून वळली
तोवर आईने टेबलावरचं सगळं पीठ गोळा करून
पाणी ओतलं होतं.
जिवंत, मेला, दोन्ही बाण
एकाच गोळ्यात.
खिडकी कण्हत होती.
आई म्हणाली, मीठ दे.