एका कान्याचं अंतर

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
तळघरातल्या प्रिंटरमधून कागद सरकला :
ओंतिवेरोस, मारिसेला. वय एकोणतीस.
सहा आठवडे चार दिवस. गर्भ डाव्या नळीत.
उजवी नळी चार वर्षांपूर्वीच काढलेली.
मेथोट्रेक्सेट, पंच्याऐंशी मिलिग्रॅम, स्नायूत.

सलायना, कॅन्सस. बाहेर धान्याचे पांढरे सायलो,
मालगाडी संपता संपत नव्हती.
मी दुहेरी हातमोजे चढवले, काचेच्या कपाटात हात घातले
आणि सिरिंजमध्ये ओढलं ते पिवळं पाणी.
हळदीची उपमा देणार नाही,
ती शुभकार्याला राहू दे.
लेबल लावलं : नाव, वेळ, माझी आद्याक्षरं.
तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ :
थांबा. नीतिसमिती.

फोनवर आम्ही पाच जण.
डॉक्टर हॅस्केल वरच्या मजल्यावरून,
वकीलबाई अंथरुणातून, फादर डॉर्न घसा खाकरत,
एक व्यवस्थापक, जो फक्त 'हं' म्हणायचा,
आणि मी. मला एवढंच विचारलं,
भरलेली सिरिंज किती वेळ टिकते?

फादर वाईट माणूस नव्हे.
त्यांनी आधी तिचं नाव विचारलं, नीट उच्चारलं.
मग म्हणाले, नळी दुखणाईत आहे, नळी कापा.
तिच्यासोबत जे जाईल ते जाईल,
आपला हात त्याच्यावर पडलेला नसेल.
हे औषध मात्र थेट त्याच्यावरच चालून जातं.
हॅस्केल म्हणाली, तिला एकच नळी उरलीय, फादर.
ठाऊक आहे मला, फादर म्हणाले,
आणि मग बराच वेळ लाइनवर
नुसते श्वास.

मला परभणीची शाळा आठवली, पहिलीचा वर्ग,
पाटीवर आपटलेली दाभाडकर बाईंची छडी :
काना विसरलास की अर्थ गेला!
मरणं. मारणं.
मध्ये एक उभी रेघ.
तीच रेघ रात्री दीड वाजता
पाच शहाणी माणसं ओढत बसली होती
एका बाईच्या पोटावर,
आणि पोट आतून ताणत चाललं होतं.

आमच्यात म्हणतात, दोन जिवांची.
ज्याने हा शब्द घडवला त्याने
जागा चुकलेल्या जिवाचा हिशेब धरला नव्हता.
इथे दोनातून एक वजा केला नाही
तर बाकी शून्य.

मारिसेलाला मी पाहिलं नाही.
नर्स सांगत होती, गोठवलेल्या पिझ्झाच्या कारखान्यात
चालत्या पट्ट्यावर चीज पसरायचं काम करते.
दोनदा विचारलं तिने :
हे हलवता नाही का येणार?
दोन बोटं खाली, जिथे त्याचं घर आहे तिथे?
नाही, बाई. ते अजून कुणालाच जमलेलं नाही.

दोन चाळीसला ठरलं, विचिटाला पाठवा.
नव्वद मैल. तिथे असा फोन करावा लागत नाही.
ॲम्ब्युलन्स हायवेवरच्या अपघाताला गेलेली,
म्हणून नवऱ्याच्या पिकअपमधून,
मांडीवर एक जादा चादर देऊन.

माझ्या टेबलापासून लिफ्ट तेवीस पावलांवर आहे.
हे मी नंतर मोजलं.
तेव्हा मी सिरिंज पिवळ्या डब्यात टाकली,
झाकण दाबलं, वहीत लिहिलं : वाया.
दोन अक्षरं, दोघांनाही काना.

सकाळी सातला खिडकीशी मिसेस बावर.
सांधेदुखी, बोटं आल्यासारखी वाकडी.
त्याच औषधाच्या गोळ्या, आठवड्याला सहा.
कुठलीही लाल ओळ आली नाही.
म्हणाल्या, यामुळे पुन्हा विणायला लागलेय,
नातवाचा मोजा झाला एक, दुसरा सुईवर आहे.
मी गोळ्या मोजल्या, चुकलो, पुन्हा मोजल्या.

विचिटाचे कागद
आमच्या प्रिंटरवर येत नाहीत.