फुटक्या काचांची वही

भरताची वांगी डिसेंबरातच खरी,
म्हणून बॅचही डिसेंबरातच जमली.
बी.एस्सी. रसायन, सत्त्याण्णव साल,
फैजपूरच्या अलीकडे भारंब्यांच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला.
सदतीसपैकी एकोणीस.
पऱ्हाट्या पेटल्या, बामणोदची वांगी फुसफुसू लागली
आणि एकेक जण स्वतःविषयी सांगू लागला
तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

हेमलता अत्तरदे, आता वायकोळे,
वापीला रंगाच्या कारखान्यात पाळीप्रमुख.
म्हणाली, नाल्याचा रंग बघून मला कळतं
आज कुणाची ड्यूटी आहे.
कुणी कुणी हसलं. ती नाही हसली.

युवराज फेगडेनं रावेरला केळी पिकवायच्या
सहा थंड खोल्या टाकल्यात.
"इथिलीन सोडतो, भो. मोजून.
शिकलेलं रसायन वापरणारा वर्गात मी एकटाच."
शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झालेला.

जिजाबराव धुळ्याला फौजदार. छाती उघडून शिवलेली.
मीठ बंद, तिखट बंद,
तो नुसता वासाला बसला होता.

मीनाक्षी झांबरेचा मस्कतहून व्हिडिओ आला.
आवाज येईना.
तिचे ओठ हलत राहिले बराच वेळ,
आम्ही एकोणीस जण हात हलवत राहिलो,
मग कुणीतरी म्हणालं, बरं चाललंय तिचं.

ललित चिरमाडेचं नाव कुणी काढलं नाही.
बडजीतलं भरीत तेवढं
जरा जास्तच ठेचलं गेलं.

"आन् तू?"
"तिथंच."
तिथंच म्हणजे तिथंच: तीच लॅब, तेच मोरीचे नळ.
सत्तावीस वर्षं पोरांना सांगतोय,
ब्युरेट वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत आणा.
वरून बघाल तर कमी भरेल,
खालून बघाल तर जास्त.

स्टोअर रद्दीत निघालं तेव्हा
मोडतोडीचं रजिस्टर मी घरी नेलं होतं.
पिशवीतून काढलं तसे सगळे त्यावर तुटून पडले.
अत्तरदे, परीक्षानळ्या तीन.
फेगडे, थर्मामीटर एक. (पारा त्यानं कंपासपेटीत घालून नेलेला.)
सोनवणे जिजाबराव, चंचुपात्र, चंचुपात्र, चंचुपात्र.
तडवी सिकंदर नथ्थू, ब्युरेट, पन्नास मिली, एक.
रुपये एकशेऐंशी. बाकी.

ती ब्युरेट मी फोडली होती.
सिकंदर शेजारच्या टेबलाशी होता.
सरांनी विचारलं नाही. काचा बघितल्या,
आम्हा दोघांकडे बघितलं, आणि लिहिलं.
मी मोरीकडे तोंड करून
स्वच्छ हात पुन्हा धुतले.
बाकी भरल्याशिवाय दाखला नाही, असा नियम होता.
एकशेऐंशी जमेपर्यंत
पुण्याची यादी बंद झाली,
आणि जमलेले पैसे बहिणीच्या टायफॉइडला गेले.
तो पुढं वनखात्याच्या रोपवाटिकेत लागला, पालला.

आजही घाट उतरून मोटरसायकलवर आला,
सगळ्यांसाठी चारोळीच्या पुड्या घेऊन.
साग किती उगवतो शंभरात, ते सांगत होता.
पोरगी नाशकाला नर्सिंग करते.
रजिस्टर त्याच्यापर्यंत पोचलं.
चष्मा वर सारून त्यानं बोट ठेवलं:
"अय भो, ही ब्युरेट!
माह्याच हातून फुटली व्हती ना रे?"

एकोणीस माणसांचा आवाज एकदम थांबत नाही.
थोडा थोडा थांबतो.
रजिस्टर माझ्याकडे, तेव्हा खरंखोटंही माझ्याकडेच.
मी निखाऱ्यांपाशी वाकलेलो,
एक वांगं उगाच उलटं केलेलं.
"हो," म्हणालो. "पन्नास मिलीची."

"मंग घे. इतले दिवस राहिले तुमचे,"
असं म्हणून त्यानं दोनशेची नोट पुढं केली,
सगळे हसले, टाळ्या पडल्या,
"वीस परत दे बरं का, सरकारी माणसा!"

मी खिसे चाचपले.
दहाच्या दोन निघाल्या.