अजून आहात का?

ग्रिम्सबीला उतरले तेव्हा वाऱ्याला मासळीचा वास होता
आणि माझ्या पिशवीत एक वही, दोन पेनं, संमतीचे अर्ज.
दवाखान्याच्या दारातच ते उभं केलंय आम्ही,
पांढरं, छातीइतक्या उंचीचं,
आल्याची नोंद तुमची तुम्ही करा म्हणणारं.
माझं काम शेजारच्या खुर्चीत बसून बघायचं.
बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही.
माणूस अडला तर किती वेळ अडला, तेवढं लिहायचं.

यूनिस हॅलम, वय एक्क्याऐंशी,
चाळीस वर्षं गोदीवर मासे कापायला.
मी नेहमीचं वाक्य म्हटलं,
परीक्षा तुमची नाही, यंत्राची आहे.
ती हसली. शाळेतल्या बाईही असंच काही म्हणायच्या, म्हणाली.

जन्मतारखेचे आकडे आले.
तिनं तीनवर बोट ठेवलं. काही नाही.
परत ठेवलं, जरा दाबून.
मग नखानं. मग बोटाच्या सांध्यानं,
शेजारणीच्या दारावर टकटक करावी तसं.
काच ढिम्म.
मिठात नि बर्फात राबून कोरडी पडलेली ती कातडी
काचेच्या लेखी नव्हतीच.
पाची बोटं सारखी नसतात, लहानपणी शंभरदा ऐकलेलं,
आणि शेफील्डला, आमच्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सगळे एकच बोट धरून चाललो होतो:
तिशीतलं, मऊ, थोडं घाईतलं.

'सॉरी हं,' ती म्हणाली.
मला नाही. त्याला.

चष्मा पर्सच्या तळाशी.
रुमाल, बसचा पास, पुदिन्याच्या गोळ्या, पुन्हा रुमाल.
तेवढ्यात पडदा मंदावला, अक्षरं उमटली:
तुम्ही अजून आहात का?

'आहे की,' ती मोठ्यानं म्हणाली, 'जाते कुठे!'
बाकावरचं एक पोर खुदकन हसलं.
पडदा आपला पहिल्या पानावर.

ते वाक्य माझं.
वीस सेकंदांचा आकडाही माझाच,
एका मंगळवारी जेवायला उठता उठता टाकलेला.
वीसच का, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

वहीत लिहिलं: चार मिनिटं दहा सेकंद.
मग नियम मोडला. विचारलं,
सुरी कशी असायची हो तुमची?

तिनं मान वर केली.
'पातं मालकाचं, मूठ आपली.
पहिल्या दिवशी सुतळी घरून न्यायची,
आपल्या हाताला बसेल तशी गुंडाळायची.
पेगची जाड, माझी बारीक,
डावखुऱ्या हिल्डाची उलट्या पिळाची.
चुकून दुसरीची उचलली
तर तळव्याला आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.'
तिनं तळवा माझ्यापुढे धरला.
अजून अर्धवट मिटलेला,
आत काहीतरी असल्यासारखा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सेकंद वाढवून मागितले.
किती?
चष्मा सापडेपर्यंत, म्हणाले.
तसा रकाना नव्हता. साठ लिहिले.
दाबली की खाली जाणारी, खरी बटणं मागितली;
ती पुढच्या वर्षाच्या खर्चात गेली,
जिथे बरंच काही जातं.

फेब्रुवारीत परत गेले.
पडद्यावर चिकटपट्टीनं कागद लावलेला:
बंद आहे. जॅनिसला भेटा.
जॅनिस काउंटरमागे, फोन खांद्यात धरून,
येणाऱ्याला नावानं हाक मारत.
रजिस्टर उघडं, आणि त्यावरच्या पेनाला
सुतळी गुंडाळलेली, घट्ट, जाडसर.
कुणी केलं हे?
जॅनिसनं दुसरा खांदा उडवला.

मी त्या पेनानं सही केली.
माझ्या हाताला मूठ जरा मोठी झाली.